संध्याकाळी हात धरायचा नाही

दोंडाईच्याच्या रेल्वे फाटकाअलीकडे राहणारी नूतन रोज दोन लेकरांना घेऊन दोनदा चालते. सकाळची चाल वेगळी आणि संध्याकाळची वेगळी.

सकाळी दहाला ती घराची कडी लावते. अडीच वर्षांचा योगेंद्र, म्हणजे योगू, डाव्या कडेवर असतो आणि पहिलीतली रूपा उजव्या हाताला. रूपा आईचं फक्त बोट धरत नाही, अख्खा पंजा धरते, तोही दोन्ही हातांनी. त्यामुळे तिला खेकड्यासारखं तिरकं चालावं लागतं. नूतन रोज म्हणते की नीट चाल, पडशील. रूपा दहा पावलं नीट चालते आणि परत तिरकी होते. फाटकापर्यंत आठ मिनिटं, तिथून शाळेपर्यंत अकरा. फाटक लागलेलं असलं की पाच-सात मिनिटं वाढतात, म्हणून ती तेवढी आधीच धरून निघते. रूपाला शाळेच्या दारात सोडलं की योगूला घेऊन गावाबाहेरच्या पथारीवर.

पथारी म्हणजे उघडं मैदान. हिवाळा लागला की तिथं ओली लाल मिरची वाळत घालतात. लांबून पाहिलं तर कोणी जमिनीवर लुगडी पसरली आहेत असं वाटतं. बायका ओळीनं बसून वाळल्या मिरचीचे देठ खुडतात. नूतनचं हे तिसरं वर्ष. योगूला मात्र मिरचीच्या जवळ फिरकू द्यायचं नाही. राखणदाराची बायको रईसा वाऱ्याच्या उलट बाजूला बाज टाकून बसते आणि पथारीवरच्या दोन-तीन लेकरांना गोष्टी सांगत सांभाळते. वारा फिरला की बाजही फिरते.

दिवसभर देठ खुडले की हाताला आग लागते. साबणानं रंग जातो, आग जात नाही. तेल चोळून, मग पीठ लावून, मग साबण लावून धुतलं तरी बोटांच्या पेरांत आणि नखांत मिरची रात्रीपर्यंत बसून असते. पहिल्या वर्षी नूतननं घरी येऊन तान्ह्या योगूचं नाक पुसलं होतं. ते रडणं तिला अजून ऐकू येतं. तेव्हापासून घरचा कायदा झाला, की संध्याकाळी आईचा हात धरायचा नाही.

म्हणून परतीची चाल वेगळी. नूतन गाड्यांच्या बाजूनं चालते, दोन्ही हात मागे बांधून, एखाद्या शाळा तपासणीला आलेल्या साहेबासारखी. तिच्या पदराचं टोक योगूच्या एका मुठीत आणि योगूचा दुसरा हात रूपाच्या हातात. रस्त्याच्या आतल्या बाजूला रूपा. पदर ताणला गेला की नूतन थांबते, सैल पडला की मागे वळून बघते. रात्री लेकरांना झोपवताना ती कोपरानं थोपटते. योगूला तर वाटतं, थोपटतात ते कोपरानंच.

तिचा नवरा सुकदेव सुरतेला टेम्पो चालवतो आणि पंधरवड्यातून एकदा येतो. त्यानं एकदा व्हिडिओ कॉलवर ही संध्याकाळची वरात पाहिली. हसला, आणि हसता हसता आपल्या आईला सांगून बसला. इथून सगळं सुरू झालं.

आई म्हणजे सुंदरबाई, सगळ्यांची अक्का. साक्रीकडच्या एका खेड्यात राहते, थोडी कोरडवाहू जमीन, चार शेळ्या. तिनं ऐकलं की सून रस्त्यानं लेकरांचा हात धरत नाही. बाकीचं कारण तिच्या कानावर पडलं असेल, पण डोक्यात शिरलं नाही. रविवारी दुपारच्या गाडीनं ती दोंडाईच्याला उतरली. पिशवीत शेंगा, बाजरीचं पीठ, आणि रूपाच्या मापाचा नवा स्वेटर होता. स्वेटर पाहूनच नूतनला समजलं. साक्रीकडे थंडी जास्त.

जेवण झाल्यावर अक्कानं सांगून टाकलं. एक बाई, दोन लेकरं, मधे रेल्वेचं फाटक आणि ट्रकांचा रस्ता, हे काही खरं नाही. रूपाला ती गावी नेणार. तिथं शाळा घरासमोर आहे, अंगणात उभं राहून हाक मारली तर वर्गात ऐकू जाते. सुकदेवशी बोलणं झालंय. त्यानं, आईला नाही म्हणायची हिंमत कधीच नसल्यामुळे, तू बघून ठरव असं सांगितलं होतं.

नूतननं भांडण केलं नाही. ती एवढंच म्हणाली की अक्का, उद्याचा दिवस आमच्यासंगे चालून बघा, मग ठरवा. आतून मात्र ती हलली होती. उद्या फाटक उघडं मिळो, उद्या रूपा न अडखळो, उद्या योगू रस्त्यात फतकल मारून न बसो. इतकं तिनं कुठल्या परीक्षेलाही मागितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी सगळं सुरळीत झालं. फाटक उघडं होतं. रूपा तिरकी चालली, पण पडली नाही. अक्का मागून येत होती, गुडघ्यावर हात ठेवत, दोनदा ओट्यावर बसत. शाळेच्या दारात रूपानं वळून आजीला टाटा केला तेव्हा अक्काचा चेहरा जरा सैल पडला.

पथारीवर अक्काला रईसाच्या बाजेवर बसवलं. तिथं ती तासभर टिकली. जन्म शेतात गेलेली बाई, समोर चाळीस बायका हात चालवताहेत आणि आपण बसून लेकरांना शेंगा सोलून घालायच्या, हे तिला सोसवेना. दुपारी उठली आणि नूतनच्या ढिगाशी येऊन बसली. नूतननं सांगून पाहिलं की अक्का, नका हो, हाताला आग होते. अक्कानं आपले तळवे पुढे केले. घट्टे पडलेले, भेगाळलेले, बैलाच्या खुरासारखे. हयातभर मिरची खलबत्त्यात कुटली, या हाताला काय होतंय, असं तिचं म्हणणं. आणि खरंच, तिला काही होईना. शेजारच्या बायका हात झटकत होत्या, फुंकर मारत होत्या, अक्का मात्र देठ खुडत सुटली होती. पथारीची मुकादम भिकुबाई येऊन बघून गेली आणि म्हणाली की सासूला ठेवून जा, सुनेला घरी पाठव. सगळ्या हसल्या. अक्काही हसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

पाचला दोघींनी हात धुतले. नूतननं तेल, पीठ, साबण असं सगळं केलं. अक्कानं पाण्याखाली हात धरले, लुगड्याला पुसले आणि झालं म्हणाली.

शाळेतून रूपाला घेतलं. संध्याकाळची वरात निघाली. नूतन हात मागे बांधून, तिचा पदर योगूकडे, योगू रूपाकडे. अक्का शेवटी. थोड्याच अंतरावर तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. हे काय चालणं झालं, गुरं नेतात तरी दावं हातात धरतात, तू तर तेही धरत नाहीस. नूतन म्हणाली की अक्का, हात. अक्का म्हणाली की कसले हात, लागले तुझे हात.

फाटक लागलेलं होतं. मालगाडी गेली, मग पलीकडून पॅसेंजर. दोन्ही बाजूंना मोटारसायकली, रिक्षा, उसाची एक ट्रॉली साचत गेली. फाटक उचललं तसे सगळे एकदम सुटले. एका मोटारसायकलचं हँडल योगूच्या डोक्यावरून वीतभर अंतरानं गेलं. अक्कानं ते पाहिलं आणि झेप घेऊन योगूचा हात धरला. रूपाच्या हातातून काढूनच घेतला. रूळ ओलांडून पलीकडे जाईपर्यंत तिनं तो लहानसा पंजा आपल्या मुठीत आवळून धरला होता.

पलीकडे पोचल्यावर योगूनं तोच हात डोळ्याला लावला. धूळ गेली असेल, किंवा उगाच.

मग जे झालं त्याला रडणं म्हणत नाहीत. योगू रस्त्याच्या कडेला आडवाच पडला आणि दोन्ही मुठींनी डोळे चोळू लागला. चोळेल तशी आग वाढत होती. अक्का त्याला उचलायला वाकली, त्याचं तोंड पुसायला पदर आणि हात पुढे केला.

“मोठमाय, नको हात लावू,” रूपा आजीवर ओरडली. “तुना हात तिखा शेतस.”

अक्का जागीच थांबली. तिच्या हातांना दिवसभरात काही जाणवलं नव्हतं, म्हणून त्यांच्यावर काही आहे हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता ती आपल्या तळव्यांकडे बघत राहिली.

नूतन योगूपासून हातभर अंतरावर गुडघे टेकून बसली होती, हात पाठीमागेच. आपलं लेकरू समोर तडफडतंय आणि त्याला शिवता येत नाही, यापेक्षा वाईट बसणं नाही. चहाच्या टपरीवरचा माणूस पाण्याचा मग घेऊन धावत आला. योगूनं त्याला लाथ मारली. अनोळखी माणसाला तो एरवीही जवळ येऊ देत नसे. तेव्हा नूतननं रूपाला सांगायला सुरुवात केली, हळू आवाजात, एकेक करून. आधी त्याच्या मुठी धर. आता त्याचं डोकं तुझ्या मांडीवर घे. नाकाच्या बाजूनं पाणी ओत, कानाकडे वाहू दे. घाई नको. अजून ओत.

रूपानं पाण्याचा मग दोन्ही हातांत धरला. तो तिला जड होता. पहिलं पाणी योगूच्या नाकात गेलं, दुसरं तिच्याच फ्रॉकवर. तिसऱ्या वेळेला नीट जमलं. टपरीवाल्यानं चार वेळा मग भरून दिला. रूपाही रडत होती, पण पाणी ओतायची थांबत नव्हती. मधेच योगूला सांगत होती की आता थंड वाटेल बघ, आता थंड वाटेल. बऱ्याच वेळानं योगूनं एक डोळा उघडला. लाल, मिरचीसारखाच. मग दुसरा. त्यानं टपरीवाल्याकडे बघून बिस्कीट मागितलं.

घरापर्यंतची आठ मिनिटं अक्का सगळ्यांच्या मागे चालली. दोन्ही हात अंगापासून लांब धरून, ओल्या रंगाचे असावेत तसे.

घरी योगू खाऊन लगेच झोपला, रूपाही त्याच्याशेजारी. बाहेर अजून पुरता अंधार पडला नव्हता. अक्कानं तेल मागितलं आणि उंबऱ्याशी बसून हात चोळू लागली. चोळता चोळता म्हणाली की पोरीवर तू फार टाकलंयस. सहा वर्षांची आहे ती.

नूतनला हेच ऐकायची भीती होती, कारण ते खोटं नव्हतं. फाटकापाशी रूपानं तो मग उचलला तेव्हा तिला एकीकडे अभिमान वाटला होता आणि दुसरीकडे लाज. ती भाकरीच्या पिठाची परात घेऊन बसली होती, उलथण्यानं पीठ कालवत. तिनं मान वर केली नाही.

“टाकेल शे, अक्का,” ती म्हणाली. “पन ती कामनी शे म्हनीसन मी तिले ठेवत नही. सकायले ती मना हात धरीसन चालस. दिनभरमा तेवढंच भेटस तिले. माले बी.”

अक्का तेल चोळत राहिली. मग पीठ मागितलं, मग साबण. नूतननं मोरीतून पाणी आणून ओतलं. अक्कानं हात हुंगून बघितले, परत तेल मागितलं. तीनदा झालं. तिसऱ्यांदा तिनं बोटाचं टोक जिभेला लावून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि चौथ्यांदा सुरुवात केली.

मग नूतनला फोन लावायला सांगितलं. मोबाईल कानाशी धरायला हात नकोत, म्हणून नूतननं तो कपाटाला टेकवून ठेवला. स्क्रीनवर सुकदेव, मागे सुरतेचा रस्ता, टेम्पोची काच. त्यानं आधी विचारलं ते हेच, रूपाचं काय ठरलं.

“पोरले मी लई जात नही,” अक्का म्हणाली. “आठे एक मानूस कमी पडस. मिरचीना हंगाम सरस तोपावत मी आठेच शे. बकऱ्या तुना काका पाही लेई.”

सुकदेव म्हणाला, आई, तिथं राहशील, पण तुझे गुडघे.

“गुडघा मना शेतस. तुना नहीत.” एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं. मग पुन्हा फोनकडे वळून म्हणाली की तुझ्या बायकोचं मला सगळं पटतं असं समजू नको. भाकरी जाड करते.

सुकदेवच्या हसण्याचा आवाज आला. नूतन परातीवर वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

रात्री अंथरुणं घालताना अक्कानं बजावून सांगितलं की उद्यापासून ती पथारीवर येईल, पण मिरचीला शिवणार नाही. रईसासंगे बाजेवर बसेल, कितीही जीव तळमळला तरी. संध्याकाळी योगूचा हात तिच्याकडे. रूपानं मोकळं चालायचं, दप्तर उडवत, दगड लाथाडत, शाळेतून येणारी पोरं चालतात तसं. नूतन हो हो म्हणत होती आणि मनात हिशेब मांडत होती. अक्काला वाटेत दोनदा बसावं लागतं, फाटकाच्या चढाला तिसऱ्यांदा. म्हणजे सतरा-अठरा मिनिटं जास्त. उद्यापासून दहाच्या ऐवजी पावणेदहाला निघूनही भागणार नाही, साडेनऊलाच कडी लावायला हवी.

तिनं मोबाईलचा गजर अर्धा तास मागे घेतला.