पूर्ण नावानं हाक

नवरा रिंगणात उताणा पडला होता आणि उठत नव्हता. त्याच्या डाव्या कानातून रक्त आलेलं मला बैलगाडीवरून दिसत होतं. डोळे उघडे होते, शुद्ध होती, तरी हातपाय सैल सोडून तो आभाळाकडं बघत होता. पांढऱ्या सदऱ्यातला पंच त्याच्यावर वाकून एकेक बोट उघडत मोजत होता.

तो का उठत नाही ते मला कळलं. लहानपणापासून तो तालमीत वाढलेला. कुस्तीत पाठ मातीला लागली की संपलं. मग उठायचं, समोरच्याशी हात मिळवायचा आणि सदरा घालायचा. त्याच्या अंगाला तेवढंच माहीत होतं. बॉक्सिंगची ही त्याची पहिलीच वेळ.

बारामतीला दोन दिवस बॉक्सिंगच्या मोठ्या स्पर्धा होत्या. पुण्याचे, पलटणीतले असे पुष्कळ गडी आले होते. आमच्या कळस गावचा हा एकटा. कारखान्यावर पहारेकऱ्याची जागा निघाली होती. तिथले जुने सुभेदार त्याला म्हणाले होते, "पैलवान रग्गड हायत. मला मार खाऊन उभा राहणारा पायजे. तिसऱ्या फेरीच्या शेवटच्या घंटेला पायावर उभा दिसलास, तर सोमवारी कामावर ये. हरलास तरी ये." नोकरीबरोबर एक खोली मिळणार होती. सासरी आम्ही अकराजण दोन खोल्यांत राहत होतो. मला ती खोली हवी होती. नवऱ्याच्या काळजीनं जीव कासावीस झाला वगैरे मी सांगणार नाही.

त्यानं भुसा भरलेलं पोतं लिंबाला टांगलं आणि पंधरा दिवस बडवलं. पडल्यावर दहा मोजायच्या आत उठायचं, हे सुभेदारांनी सांगितलं असेलच. ते त्याच्या डोक्यात राहिलं नाही. मी मात्र सकाळपासून गाडीवर बसून बघत होते. दोन पोरं पडली, उठली आणि पुन्हा लढली. त्या वेळी हा तंबूत हातमोजे बांधून घेत होता आणि सासरे त्याच्याजवळ होते. दोघांनीही ते पाहिलंच नाही.

आता सासरे गाडीजवळ उभे होते. तेही जुने पैलवान. त्यांनी फेटा काढून काखेत मारला.

"चीत झाला. चला, बैल जुपा."

"आबा, अजून मोजत्यात."

"मोजू दे. कुस्ती झाली. तू गप."

मी ओरडले, "अहो, उठा!" आजूबाजूचे चार-पाच बाप्ये माझ्याकडं वळून बघायला लागले. एक म्हणाला, "आमी उभंच हाय की, बाई!" हशा झाला. रिंगणात काही पोचलं नाही.

पंचाचं सहावं बोट उघडलं. नवऱ्याचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं आमच्याकडं मानायचे. सासऱ्याचं नाव तर विचारूच नका. मी गाडीच्या साट्यावर उभी राहिले आणि शाळेत मास्तर हजेरी घेत तसं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं खणखणीत ओरडले. "ऊठ! कुस्ती न्हाय ही! अजून मोजत्यात!"

चौथीपर्यंत त्यानंही हजेरी दिलेली. आठव्या बोटाला तो उठला.

पुढं त्यानं बेदम मार खाल्ला. एक ठोसा धड लागला असेल तर नशीब. पण शेवटची घंटा झाली तेव्हा उभा होता. पंचानं दुसऱ्याचा हात वर केला. सुभेदार लांबूनच म्हणाले, "सोमवारी."

गाडीत सासरे माझ्याकडं पाठ करून बसले. इंदापूरच्या रस्त्याला लागल्यावर बोलले, तेही बैलांकडं बघत. "बापलेकांचं आयुष्य खाल्लं हिनं."

नवरा कानाला फडकं दाबून बसला होता. म्हणाला, "आबा, खोली मिळाली."

"तुला इचारलं का?"

पुढं वर्षभर सासरे माझ्याशी बोलले नाहीत. खोली मिळाली, तिथं माझी तीन बाळंतपणं झाली. नवऱ्याला डाव्या कानानं पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

सासरे नव्वदी ओलांडून गेले. नवरा ब्याऐंशीव्या वर्षी गेला. मी अजून आहे.