पुढच्या भिंतीच्या टाइल्स मी बसवल्या

आमच्या घराच्या पुढच्या भिंतीला खिडकीच्या उंचीपर्यंत विटकरी रंगाच्या टाइल्स आहेत. घर कराडजवळच्या मलकापुरात. बांधलं तेव्हा आमचे मालक फौजेत होते आणि सगळं एका सुट्टीत उरकायचं होतं. वास्तुशांतीसाठी भिंतीला रंग दिला, पाहुणे जेवून गेले, आणि सुट्टीचे चार दिवस उरले असताना मालकांना टाइल्स सुचल्या. तेव्हाच्या गवंड्यानं रंग खरवडला नाही, सिमेंट धरावं म्हणून भिंतीला टोचे मारले नाहीत, टाइल्स पाण्यात भिजवल्या नाहीत. प्रत्येक टाइलच्या मागं सिमेंटचे पाच गोळे लावले आणि रंगावरच चिकटवून मोकळा झाला. फौजीच्या घरांचं असंच होतं. सुट्टी संपायच्या आत जेवढं होईल तेवढं घर.

इतकी वर्षं टिकल्या हेच नवल. परवा एक टाइल सुटली ती मालकांच्या मोटारसायकलच्या सीटवर पडून फुटली.

"बरं झालं, मी बसलो न्हवतो," मालक म्हणाले.

"तुमीच घाई केली व्हती तवा," मी म्हटलं, पण स्वयंपाकघरातून.

ते फुटका तुकडा घेऊन कराडची दुकानं फिरले, मग सांगलीत विश्रामबागपर्यंत जाऊन आले. दुकानदार तुकडा उलटा करून बघायचा आणि परत द्यायचा. असल्या टाइल्स आता येतच नाहीत. म्हणजे सुटत आलेल्या बाकीच्या टाइल्स न फुटता निघाल्या तरच भिंत राहणार, नाही तर सगळी सोलून काढायची. मालकांनी एका टाइल बसवणाऱ्या मिस्त्रींना फोन केला, त्यांनीही तेच सांगितलं, "बघायला येतो, पन बहुतेक सगळीच काढावी लागंल."

मला मात्र त्या दिवसापासून चैन नव्हती. माझं माहेर म्हसवडकडचं. चौथी झाली आणि मी आईबरोबर बांधकामावर जाऊ लागले. लग्नापर्यंत वाळू चाळली, सिमेंट-वाळूचा माल कालवला, घमेली उचलली, टाइल्स भिजवल्या. काम बघून बघून पाठ झालं. पण थापी गवंड्याची. बाईनं माल हातात द्यायचा, थापीला हात लावायचा नाही. एकदा एका गवंड्याची थापी उचलून मी भिंतीवर नुसता एक हात फिरवला, तर त्यानं ती काढून घेतली आणि "आल्या बघा गवंडीनबाई" म्हणून दिवसभर सगळ्यांना हसवलं. तेव्हापासून मी मान खाली घालून काम केलं. तरी एक टाइल आपल्या हातानं भिंतीला लागावी, ही इच्छा काही गेली नाही. आता तर भिंत माझ्याच घराची होती.

मिस्त्री शुक्रवारी येणार होते. सकाळी मालक दूध आणायला गेले तेव्हा मी चमच्याच्या दांड्यानं एकेक टाइल वाजवली. भरीव टाइल टक् वाजते, पोकळ असली की ढप् वाजते. जिथं ढप् वाजलं तिथं खडूनं फुली मारली. चौदा निघाल्या. बाकीची भिंत घट्ट होती.

मिस्त्री आले, म्हातारे, कराडचे, तोंडात सुपारी. भिंत बघून थांबले.

"ह्या फुल्या कुनी मारल्या?"

"आमी न्हाई बा," मालक म्हणाले. "एखाद्या पोरानं मारल्या असतील."

मी दारात होते. "मी मारल्या," म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की मिस्त्रींनी "काय?" विचारलं आणि मला परत सांगावं लागलं.

ते थापीचा दांडा घेऊन पहिल्या टाइलपासून शेवटपर्यंत वाजवत गेले. मी त्यांच्या मागं कान लावून. चौदाच्या चौदा! एक कमी नाही, एक जास्त नाही.

"सगळी सोलायला नको," ते मालकांना म्हणाले. "तुमच्या घरात मिस्त्री असताना मला कशाला बोलिवलं?"

मालक माझ्याकडं असे बघायला लागले जशी मी आत्ताच एसटीतून उतरले आहे.

त्यांचा बिगारी आलाच नव्हता, म्हणून मी पदर खोचला. त्यांनी टाइल्स अलगद काढल्या. तीन फुटल्या, अकरा धड निघाल्या. मी त्या बादलीत भिजत घातल्या, भिंतीवरचा रंग छन्नीनं खरवडला, टोचे मारले, पाणी मारलं. साडेबाराला ते म्हणाले, "वैनी, नमाजाला जाऊन येतो. मी येईस्तवर माल कालवून ठेवा, आल्या आल्या लावायला घिऊ." मी कालवला.

दीड वाजला, मिस्त्री नाहीत. मग मालकांच्या फोनवर त्यांचा फोन आला. गाडी पंक्चर, पंक्चरवाल्याचं दुकान जेवणासाठी बंद. "तो माल आता घट्ट हुईल. टाकून द्या, मी दुसरा कालवतो."

मालक घमेलं उचलायला गेले.

"आवं, ऱ्हाऊ द्या. मी लावते."

"तू?"

"व्हय."

"आगं, फुटली तर दुसरी मिळत न्हाई. सांगली पालथी घातली मी. आन् पडली तर?"

"पडल्याल्याच हायेत की."

मालक हसले. मग घमेलं खाली ठेवून ते फौजेतल्यासारखे बाजूला ताठ उभे राहिले. "बोला साहेब, काय हुकूम?"

"आगकाड्यांची पेटी आना."

थापी मिस्त्री तिथंच ठेवून गेले होते. उचलली तेव्हा ती मला वाटली होती त्याच्यापेक्षा हलकी निघाली. टाइलच्या मागं पाच गोळे नाही, सगळीकडं माल पसरला, कडांपर्यंत. भिंतीला लावली, दाबली, दांड्यानं हळू ठोकली. टाइल भिंतीला धरली ना, की हाताला कळतं, ती ओढून घेतल्यासारखी बसते. माझ्या अंगावर काटा आला! लगेच ती हळूहळू खाली घसरायला लागली. "धरा, धरा!" मी ओरडले. मालकांनी हातानं धरली आणि मी खाली विटेचा तुकडा लावला. दुसरी, तिसरी. मध्ये फट सारखी राहावी म्हणून आगकाड्या खोचल्या. चौथीपासून मला शेजारीपाजारी कोण बघतंय याचंही भान राहिलं नाही. समोरच्या काकी गेटपाशी येऊन "आगं बया!" म्हणाल्या आणि मी त्यांच्याकडं वळूनही बघितलं नाही. एरवी मी त्यांना बघून आत जाते.

सात लावून झाल्या तेव्हा मिस्त्री आले. मी थापी पटकन खाली ठेवली. त्यांनी लेव्हलची पट्टी लावली, एक डोळा मिटून बघितलं, बोट फिरवलं.

"सहावीचा कोपरा वर आलाय."

"काढू?"

"तुमीच लावली, तुमीच काढा."

ओली होती म्हणून निघाली. परत लावली. उरलेल्या चार त्यांनी लावल्या आणि फुटलेल्या तीन आणि आधी पडलेली एक यांच्या बदली, अगदी खालच्या ओळीत, चार साध्या काळ्या बसवल्या. माझ्या टाइल्सबद्दल ते चांगलं वाईट काहीच बोलले नाहीत. "वाळल्यावर वाजवून बघू. सोमवारी येतो. तोवर पानी मारा," एवढंच.

शनिवार, रविवार मी पाणी मारलं आणि भिंतीला हात लावला नाही. चमचा दोनदा हातात घेतला आणि दोनदा ठेवला. ढप् वाजलं तर मालक काही बोलले नसते, पण मला परत कधी थापीकडं बघवलं नसतं. मालक विचारायचे, "साहेब, वाजवायच्या का?" मी नको म्हणायची.

सोमवारी मिस्त्री आले. मी या वेळी दारात थांबले नाही, भिंतीपाशीच उभी राहिले. त्यांनी दांडा उचलला. पहिली, टक्. दुसरी, टक्. तिसरी, चौथी, पाचवी. सहावीला मी डोळे मिटले. टक्! सातवी पण टक्! मालकांनी टाळीच वाजवली.

मिस्त्री पुढं वाजवत गेले. आठवी, नववी, दहावी. अकरावीला वरच्या कोपऱ्यात ढप्.

त्यांनी परत वाजवलं. परत ढप्.

"ही कुनाची?" मालकांनी विचारलं, आणि दुसरीकडं बघून मिशीत हसायला लागले.

"माझी," मिस्त्री म्हणाले. सुपारी थुंकून आले आणि स्वतःच हसायला लागले. "घाईत लावली, दुसरं काय. वैनी, मी काढू का तुमी काढताय?"

माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. "मी काढते. तुमी माल कालवा."

मग मिस्त्रींनी बाह्या वर केल्या, घमेलं ओढलं आणि खाली बसून माल कालवायला लागले. मी टाइल न फोडता काढली, मागचं खरवडलं, भिजत घातली. त्यांनी घमेलं माझ्या पुढ्यात सरकवलं. माल जरा पातळ झाला होता. मी तसं सांगितलं, आणि त्यांनी अजून थोडं सिमेंट घातलं.