कॉटखालची बरणी

माझ्या हातून आजवर बरंच काही चुकून फेकलं गेलं आहे. मुलीची प्रयोगवही, सासऱ्यांच्या चष्म्याची काडी, एकदा तर भरायचं राहिलेलं विजेचं बिल. पण सिस्टरांचा मेवा मी चुकून फेकला नाही. चांगला विचार करून फेकला.

सिस्टर म्हणजे नेपियर टाउनमधल्या आमच्या खालच्या मजल्यावरच्या शेजारीण. इस्पितळातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी रायपूरला. गल्लीत कुणाला ताप येवो की कुणाचा जावई रुसो, त्या पायात चपला सरकवत यायच्या आणि म्हणायच्या, "त्याला माहीत आहे. आपण तोवर पाणी तर गरम करू." त्याला म्हणजे वरच्याला, आम्हा वरच्या मजल्यावाल्यांना नव्हे. पाणी कशासाठी, ते मागाहून ठरायचं. कधी शेकायला, कधी चहाला, कधी नुसतं हात धुवायला.

तीन वर्षांपूर्वी, डिसेंबरच्या सुरुवातीला, त्यांच्या छातीत गाठ निघाली. तपासण्यांसाठी दोन दिवस इस्पितळात राहावं लागलं. किल्ली आमच्याकडे होती. फोन आला, "भाऊ, कॉटखालच्या पेटीतून शाल तेवढी आणून द्या."

पेटीमागे एक चिनीमातीची बरणी होती, तोंडाला फडकं बांधलेली. उघडली तर आत काळे, फुगलेले मनुके आणि नाकात जाणारा उग्र दर्प. आमच्या घरात लोणच्याशिवाय काही मुरवत नाहीत. मी म्हटलं, बिचाऱ्या आजारपणात विसरल्या. तेवढ्यात कचरागाडीचं गाणं ऐकू आलं. मी धावत जाऊन सगळं ओतून आलो, बरणी दोनदा घासली आणि उन्हात पालथी घातली.

इस्पितळात शाल देताना हे मोठ्या अभिमानानं सांगितलं.

सिस्टर म्हणाल्या, "सगळा?"

"सगळा. बरणीही घासली."

"भाऊ, तो ख्रिसमसच्या केकचा मेवा होता. सप्टेंबरपासून रममध्ये भिजून राहिला होता."

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. बावीस घरं त्या केकची वाट पाहायची, त्यात आमचंही. ऑपरेशन दहा दिवसांवर, आणि त्यानंतर नाताळापर्यंत त्या उठतील की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते. मी खाली मान घालून बसलो. कॉट हलायला लागली म्हणून वर पाहिलं, तर त्या हसत होत्या. तपासणीची जागा हातानं दाबून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"चलो, त्याला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर पाणी तर गरम करू."

खरोखरच केलं. रमच्या जागी बिनदुधाचा कडक चहा उकळून त्यात नवे मनुके घातले. शिक्षा म्हणून काजू-बदाम चिरायचं काम मला, आणि माझ्यावर नजर ठेवायचं काम माझ्या बायकोला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती वर कुकर बघायला गेली. मी चिरत होतो, सिस्टर अंड्यांची टोपली पुसत होत्या. एकाएकी हात थांबवून म्हणाल्या, "भाऊ, मला भीती वाटून राहिली आहे."

जे बोलू नये तेच मी बोललो. "पण सिस्टर, तुम्ही तर म्हणता, त्याला माहीत आहे."

"त्याला आहे नं. मला काहून असेल?" त्या म्हणाल्या. "आयुष्यभर लोकांना ऑपरेशनला पाठवलं. दार बंद झालं की आत काय होतं, मला तोंडपाठ आहे. त्याचीच भीती." मग पुन्हा अंडी पुसू लागल्या. "बदाम जाड होऊन राहिले, भाऊ. बारीक करा."

आमच्याकडे नाताळाआधी ख्रिस्ती घरांतून कालवलेलं पीठ बेकरीत नेतात. आपले डबे, आपलं सामान, भट्टी तेवढी बेकरीवाल्याची. डब्यावर नावाची चिठ्ठी लावायची आणि आपला नंबर येईस्तोवर बाकावर बसायचं. सिस्टर ऑपरेशनच्या दोन दिवस आधी त्या बाकावर चार तास बसल्या. मी स्कूटरवरून डबे नेले-आणले. ज्यांनी ज्यांनी चव बघून विचारलं, त्यांना सिस्टरांचं उत्तर तयार होतं, "या वर्षीची रम भाऊंनी कचरागाडीला पाजली."

ऑपरेशन नीट झालं. दोन वर्षं चांगली गेली. त्यांच्याकडे प्रार्थनेला येणाऱ्या बायका सगळ्यांना सांगत, बघा, देवानं ऐकलं. मग गेल्या उन्हाळ्यात गाठ परत आली, आणि त्याच बायका जरा हळू बोलू लागल्या.

मी एकदा चिडून विचारलं, "सिस्टर, आता कुठे गेलं त्याचं ऐकणं?"

"ऐकलं की, भाऊ. ऐकलं म्हणजे हो म्हटलंच पाहिजे का?"

"मग तुम्ही मागता तरी कशाला?"

"तुमची मुलगी तुम्हाला मागत नाही? सगळंच देता?" आणि माझ्या तोंडाकडे बघून, "चहा घेणार का? पाणी ठेवते."

सप्टेंबरात त्यांनी नेहमीसारखा मेवा भिजवला. बरणी उचलवत नव्हती, म्हणून कॉटखाली मी सरकवली. "चौकीदार तुम्हीच," त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कोणापासून धोका नाही."

नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्या गेल्या. शेवटच्या आठवड्यात फार बोलत नव्हत्या. रायपूरहून आलेली मुलगी उशाशी बसून बायबलमधली वचनं वाचायची, त्या ओठ हलवायच्या. भीती गेली होती का, मला माहीत नाही. विचारायचा धीर झाला नाही. मुलीचा हात मात्र त्यांनी सोडला नव्हता.

घर आवरताना मुलीनं बरणी आमच्या दारात आणून ठेवली. "काका, आई म्हणाली होती, ही तुमच्याकडे."

डिसेंबरात मी आणि बायको बेकरीच्या त्या बाकावर बसलो. पीठ तिनं कालवलं होतं, बरणीसोबत आलेल्या सिस्टरांच्या वहीत कृती बघून. बेकरीवाल्यानं चिठ्ठ्या काढल्या. "किसके नाम से लिखूँ, भैया?"

मी आमचं आडनाव सांगणार होतो. बायकोनं सिस्टरांचं सांगितलं. त्यानं तेच लिहिलं.

एकवीस घरी केक पोचवून आम्ही परत आलो. बाविसावा आमचा. माझी बायको दर वर्षी केक आदरानं घ्यायची, पण रमच्या वासानं कधी तोंडात घालायची नाही. तिचा वाटा मीच खायचो. या वेळी तिनं सुरी घेतली, एक तुकडा कापला आणि उभ्या उभ्याच सगळा खाल्ला. मग बोटं पदराला पुसत म्हणाली, "खालून जरा करपला. पुढच्या सप्टेंबरात मला आठवण करून द्या. आणि बरणीला हात लावू नका."