उरलेल्या अक्षरांचा चौक

हेंद्रेपाड्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी संजीवनी काही म्हणून फेकत नाही. लग्नाआधी ती उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायची, सवय तिथलीच असावी. आता घरी बसून लग्नाचे, बारशाचे कोरे आल्बम सजवते, फोटो ज्याचे तो नंतर लावतो. त्यावर नाव लावायला चमकीच्या इंग्रजी अक्षरांची पाकिटं उल्हासनगरच्याच कॅम्प दोनच्या बाजारातून आणते, पाकिटात सगळी अक्षरं सारखीच. ‘ए’ आधी संपतात, कारण आपल्या नावांना तेच जास्त लागतात. एक्स, झेड, डब्ल्यू उरतात. ती सगळी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात.

गेल्या वैशाखात समोरच्या जिज्ञासाच्या लग्नाचा आल्बम तिच्याकडे आला. गल्लीतली पहिलीच ऑर्डर, चुकलं तर रोज तोंड दाखवायचं. संध्याकाळी हळदीच्या मांडवात आल्बम ठेवायचा, आणि सकाळी नाव लावायला बसली तर ‘ए’ एकही शिल्लक नाही. बाजार नेमका त्या दिवशी बंद.

मी म्हटलं, “व्ही उलटा लाव, मध्ये आडवी पट्टी. कोण बघतंय?”

“मी बघतेय ना, वहिनी. ऑर्डर घेऊन जुगाड नाही द्यायचा.”

ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. खाली जिज्ञासाच्या दारात राजाबाई तांदळाच्या पिठानं चौक काढत होत्या. आमच्याकडच्या आगरी लग्नांत धवळे म्हणजे विधीची गाणी गायची त्यांनी आणि चौक काढायचा तोही त्यांनीच. संजीवनी बराच वेळ बघत राहिली. मग आत आली आणि डबा जमिनीवर उपडा केला.

आल्बमच्या पहिल्या पानावर, नावाच्या जागी, डब्ल्यूला डब्ल्यू जोडून किनार झाली, झेडची साखळी, कोपऱ्यांत एक्सच्या फुल्या. मधूनमधून गॅलरीत जाऊन खाली बघून यायची. चौकाचा डावा कोपरा जरा तिरका होता, तिनं तोही तिरकाच लावला.

“सरळ कर की,” मी म्हटलं.

“खाली तसाच आहे.”

संध्याकाळी मांडवात आल्बम पहिल्यांदा राजाबाईंनीच उघडला.

“पोरीचं नाव कुठं हाय गो? बिननावाचा आल्बम, कुनीबी उचलून नेल.”

संजीवनीचा चेहरा उतरला. राजाबाईंचं बोट पानावरून फिरत डाव्या कोपऱ्याशी आलं आणि थांबलं.

“यो त माजा चौक हाय. या कोपऱ्याला हात आखडतो माजा. त्यो पन घेतलास?”

“माझ्याच दारातला ना, आजी,” जिज्ञासा म्हणाली. “मग नाव कशाला?” तिनं पान बघायला हात पुढे केला.

“हलदीचं हात लांब ठेव,” राजाबाई म्हणाल्या. “दारातला उद्या पायाखाली जाईल. यो ऱ्हायला पायजे.”

आणि आल्बम छातीशी धरून त्या बायाबायांत फिरल्या. गाणं थांबवून, प्रत्येकीला आपला तिरका कोपरा दाखवत. संजीवनी खांबापाशी उभी होती, पदराला लागलेली चमकी झटकायचंही तिला सुचत नव्हतं. मी मात्र शेजारणींना सांगत सुटले, ही आमच्या वरच्या मजल्यावर राहते म्हणून.

आता लग्नाच्या आल्बमला पहिल्या पानावर नाव कुणी मागतच नाही, ज्याच्या त्याच्या दारातला चौक हवा असतो. हल्ली संजीवनीच्या डब्यात ‘ए’ उरतात.