माईकवाल्या प्रेमिलाताई

हुडकेश्वर भागात निरोप समारंभ असो की हळदीकुंकू, निवेदन प्रेमिलाताईंचंच. माईक हातात आला की त्यांची मराठी कडक इस्त्रीची होई. याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत. सल एकच होता. आई गेली, पण तिचा आवाज कुणाजवळच उरला नाही.

भाची नूपुर रेकॉर्डर घेऊन आली तेव्हा त्या म्हणाल्या, "बस वं, आत्ता करून देते तुझं काम."

नूपुर बोलींचा अभ्यास करत होती. इटलीतल्या एका बोलीत क्रियापदं एकमेकांना धरून चालतात, तशीच आपल्याकडची 'करून राहिली', 'येऊन राहिलो'. दोन्ही शेजारी ठेवून पाहायचं होतं. इटलीकडचा माल तयार होता, घरचाच मिळेना! रेकॉर्डर दिसला की लोक वर्तमानपत्रासारखं बोलत. मार्गदर्शक मॅडमनी दोनदा रेकॉर्डिंग परत पाठवलं होतं. आता फसलं तर विषयच सोडावा लागणार होता.

लाल दिवा लागला. ताईंनी घसा साफ केला. "नमस्कार. सकाळी मी भाजी निवडत असते..."

नूपुरचा चेहरा पडला. पुन्हा विचारलं, पुन्हा तीच इस्त्री.

पण ताई काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. "मी याले माईक समजून राहिली ना! ठेव ते डब्यामागं. अन् यमीले फोन लाव."

कामठीची यमुताई म्हणजे त्यांची धाकटी बहीण. सगळं टिपलं जातंय हे नूपुरनं तिला आधीच सांगितलं, पण तिला कसली फिकीर! आईच्या सांडग्यांत कोहळा किती, यावरून दोघींची जुंपली.

"काहून खोटं बोलून राहिली वं?"

"तूच इसरून राहिली!"

चुलीवरची भाजी करपली, तरी कुणी हटेना.

संध्याकाळी नूपुरनं ते ऐकवलं. "आत्या, मॅडम नाही म्हणूच शकत नाहीत!"

ताईंना टाळ्यांचा आवाज ओळखीचा होता, स्वतःचा हा माईकविना आवाज नव्हता. तीच घाई, तोच हेल, रागावताना शेवटी चढणारा सूर. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"मलेही पाठव हे," त्या म्हणाल्या. "ही मी नाही वं पोरी. आई बोलून राहिली."