सुकन्याचं नशीब

जर्मनीत, त्सुफेनहाउझेनला आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सुकन्याचा मला भयंकर हेवा वाटायचा. खोटं कशाला बोलू? तिचा नवरा गुरुदत्त भाजी आणायचा, तिला डॉक्टरकडे न्यायचा, जर्मनच्या क्लासला सोडून तो सुटेपर्यंत बाहेर थांबायचा. आणि आमचे श्रीरंग! कारखान्यात रोबो चालवतात, घरी डिशवॉशर लावता येत नाही. "अहो, जरा वरच्यांकडे बघा," म्हटलं की म्हणायचे, "आल्झो, मग तू वरच राहायला जा." नुसता जळफळाट व्हायचा माझा.

सुकन्या गोड होती, पण अबोल. जिन्यात काही विचारलं की उत्तर गुरुदत्तच द्यायचा. मला वाटायचं, बघा, महाराणीला बोलायचेसुद्धा कष्ट नाहीत!

मग वडिलांच्या आजारपणासाठी ती पुण्याला गेली, ती परतलीच नाही. बायकोने नांदायला यावं म्हणून गुरुदत्तने तिथल्या कोर्टात दावा लावला आणि साक्षीला मला बोलावलं. म्युनिकच्या भारतीय वकिलातीत बसून व्हिडिओवर बोलायचं होतं. मी एका पायावर तयार. असा नवरा लाथाडते म्हणजे काय! दैव देतं आणि कर्म नेतं, दुसरं काय.

पडद्यावर कोपऱ्यात सुकन्या मान खाली घालून बसली होती. मी गुरुदत्तचं तोंड भरून कौतुक केलं. मग तिच्या वकीलबाई उठल्या.

"तुम्ही तिला कधी एकटीला भेटलात?"

"एकटीला? छे हो! तो तिला एकटीला कुठे सोडतच नसे."

"घराची किल्ली?"

"त्याच्याकडेच. हिला तीही कटकट नाही. नशीब लागतं बाई!"

"तुमच्याकडे दार ओढलं की आपोआप बंद होतं ना?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. किल्ली नसेल तर परत आत येता येत नाही."

"मग तो ऑफिसात असताना ती बाहेर कशी जायची?"

मी आठवून पाहिलं. दिवसा ती मला जिन्यात कधी दिसलीच नव्हती.

"नाही जायची," मी म्हणाले.

न्यायाधीशबाई उत्तर टाइप करून घ्यायला लागल्या, तसा गुरुदत्तचा वकील ताडकन उठला. "साक्षीदाराला तसं म्हणायचं नाही!"

न्यायाधीशबाईंनी मला विचारलं, "तुम्हाला काय म्हणायचंय?"

सुकन्याने मान वर केली.

"मला तसंच म्हणायचंय," मी म्हणाले. "लिहा."