मी धुतलेली लोकर

सासऱ्यांच्या वीस मेंढरांची लोकर मी एका दुपारीत संपवली. विकली नाही, हरवली नाही, फक्त धुतली.

तेव्हा मी अमरावतीच्या इंग्रजी शाळेत मास्तर होतो आणि दिवाळीच्या सुटीत अकोटजवळ सासुरवाडीला गेलो होतो. सासऱ्यांचे गुडघे थंडीत आखडत, म्हणून त्यांना यंदा घरच्या लोकरीची घोंगडी हवी होती. विणकर परवा येणार होता. सासरे कापसाची गाडी घेऊन अकोटला निघाले, तेव्हा मी छाती काढून म्हणालो, "लोकर धुवायचं माझ्यावर सोडा!" (मला कोणी विचारलं नव्हतं.)

गाडी वळताच बायको म्हणाली, "बाबा पयल्यांदाच तुमच्यावर काई सोपवून राहिले. माहेरात माझं नाक कापू नका!"

मी बाह्या सरसावून अंगणात आलो.

सासऱ्यांची मेंढरं राखणाऱ्या गंगाराम धनगराने कातरलेली लोकर समोर टाकली. "मास्तर, थंड्या पान्यात बुडवा अन् उचला. चोळाची नाई." एवढं सांगून तो शेजारच्या गावी कातरणीला गेला आणि मेंढरंही माझ्याच गळ्यात पडली.

थंड पाण्याने कुठे मळ निघतो? आम्ही कापसाच्या मुलखातली माणसं! धोतर असो की सूत, सोडाखारात उकळायचं आणि दगडावर बडवायचं, हे आम्ही आईच्या पोटातून शिकून येतो. मी चुलवण पेटवून हंडा चढवला. लोकर रटरटू लागली, तोच मेंढरं शेजाऱ्याच्या तुरीत घुसली!

"ओ जवाई! मेंढरं राखून राहिले का तूर चारून राहिले?" शेजारी ओरडला.

तासभर त्यांच्यामागे धावलो. परत आलो तर हंडा उतू चाललेला. घाईघाईने लोकर दगडावर घेतली आणि धुणं बडवायची मोगरी चालवली. जितकी बडवावी तितकी ती लहान होई! मला वाटलं, मळच निघतोय.

उकळून आणि बडवून लोकर एकमेकांत गुंतून आटली होती; शेवटी हातात उरली तिची एक काळी, जाड, घट्ट पाटी. ओढली, तुटेना. बायकोने एक टोक धरलं, मी दुसरं, दोघंही पडलो. पिंजाऱ्याला बोलावलं, तर पहिल्याच झटक्याला त्याच्या पिंजायच्या धनुकलीची तात तुटली. "मास्तर, हे लोकर हाय का चामडं?" असं विचारून तो निघून गेला. बायको रडायला लागली आणि तेवढ्यात गाडीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. शाळा तपासायला गोरा इन्स्पेक्टर वर्गात शिरला तरी मला असा घाम फुटला नव्हता.

सासऱ्यांनी पाटीवर अंगठा दाबून पाहिला. "लोकर कुठी हाय?"

"हीच."

"अशी काहून झाली?"

मी खाली मान घातली. विणकर आल्या पावली परत गेला आणि त्या थंडीत सासरे माझीच शाल गुडघ्यांवर घेऊन बसले.

पाटी त्यांनी टाकली नाही. ती ओसरीवर अंथरली. गावचा पाटील येवो की व्याही येवो, त्याला तिच्यावर बसवून ते शांतपणे सांगत, "बसा. घोंगडी होनार होती. जवाईबापूनं लोकर धुतली."

पाहुणा मग माझ्या बायकोकडे कळवळून पाही. आणि आजही मी सासुरवाडीला गेलो की घरातली धुणी कुलपात जातात!